आग्रा रोडवरचा मालेगाव आणि खलिफाचा प्रश्न

कसाऱ्याचा थळ घाट चढून इगतपुरी मागे पडली की घोटी येते. भाताच्या गिरण्या, गजबजलेली बाजारपेठ, दक्षिणेला कळसूबाईची रांग आणि गावाला लागून धावणारा मुंबई-आग्रा रस्ता. पाश्चात्त्य सत्ता आणि मुस्लिम समाज यांच्या वैराची चर्चा निघाली की ती बहुधा जेरुसलेम आणि धर्मयुद्धांपासून सुरू होते. त्या वैराची मुळं शोधायला घोटीहून याच रस्त्यानं नाशिक, चांदवड ओलांडून मालेगाव गाठलं, तरी बरंच हाती लागतं.

मोसम नदीकाठचा मालेगावचा किल्ला पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४०च्या सुमारास बांधायला घेतला. १८१८मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो अरब शिपायांच्या ताब्यात होता. मराठी सरदारांच्या पदरी अरब असणं तेव्हा नेहमीचंच होतं; लढवय्ये म्हणून त्यांचा दबदबा होता. थकलेला पगार घेऊन मायदेशी निघून जावं, असा कंपनी सरकारचा प्रस्ताव होता. अरबांनी तो झिडकारला.

मे महिन्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलनं वेढा घातला. तटाला पडलेल्या खिंडारातून आत घुसण्याचा पहिला प्रयत्न फसला. जूनमध्ये जादा तोफा आल्या, किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं, तेव्हा कुठे अरब शरण आले. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेच्या वर गेले होते.

हे अरब मुसलमान होते, कंपनीचे अधिकारी ख्रिस्ती. पण किल्ला हिंदू सरदाराचा आणि कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायांचाच भरणा. भांडण पगाराचं, मुलखाचं आणि देशात हत्यारं कुणाच्या हाती राहणार याचं होतं. धर्माचा रंग या झगड्याला नंतर चढला आणि तो कसा चढला हे पाहण्यासाठी पुढचं शतक पाहावं लागतं.

१८५७चा उठाव चिरडल्यानंतर उत्तरेतल्या मुसलमानांवर इंग्रजांचा विशेष राग होता. हातमागाच्या धंद्याला विलायती कापडानं आधीच घेरलं होतं. बनारस, आझमगड, मऊ, मुबारकपूर भागातले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि आग्रा रोडनं येऊन त्यांतले बरेच जण मालेगावात स्थिरावले. त्यांच्या मागांवरची रंगीत सुती लुगडी महाराष्ट्रातल्या शेतकरी बायका नेसू लागल्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरच्या लुगड्यात साम्राज्यानं उठवलेल्या माणसांचे श्रम विणलेले होते, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनात याहून ठळकपणे यायला हवी.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१४च्या अखेरीस सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याला उतरली. समोर ऑटोमन फौज होती आणि तिचा सुलतान हाच सुन्नी जगाचा खलिफा. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. १९१५च्या नोव्हेंबरात टेसिफोनला गाडं अडलं, डिसेंबरात कूट-अल-अमाराला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं सुमारे तेरा हजार माणसांसह शरणागती पत्करली. पुढे कैदेत असंख्य जवान मेले. सह्याद्रीतल्या शेतकऱ्यांची पोरं मेसोपोटेमियाच्या वाळूत कुणासाठी लढली, याचं उत्तर १९२०च्या सेव्हर्स तहात दिसतं. विजेत्यांनी ऑटोमन मुलूख वाटून घेतला. इराक आणि पॅलेस्टाइन ब्रिटनकडे, सीरिया फ्रान्सकडे गेला. अरबांना युद्धकाळात दिलेली स्वातंत्र्याची आश्वासनं बाजूला पडली. आजच्या पश्चिम आशियातल्या कित्येक जखमा या वाटणीपाशी सुरू होतात.

खलिफाची ही अवहेलना मालेगावच्या विणकरांना स्वतःची वाटली. घरदार सोडायला लावणारी सत्ता आणि खलिफाचं राज्य वाटून घेणारी सत्ता एकच होती. खिलाफत चळवळीनं तिथे मूळ धरलं. एप्रिल १९२१मध्ये हत्यारबंदीचा हुकूम मोडल्याबद्दल स्वयंसेवकांना दंड झाला आणि जमाव भडकला. जाळपोळ झाली, एक फौजदार आणि काही पोलीस मारले गेले. असहकाराला अहिंसेची अट घालणाऱ्या गांधीजींनी या हिंसेचा निषेध केला. खटले चालले आणि १९२२मध्ये येरवड्याच्या तुरुंगात मालेगावच्या काही जणांना फाशी झाली.

फाशी गेलेल्यांना मालेगाव स्वातंत्र्यासाठीचे शहीद मानतं. जमावाच्या हातून मेलेले पोलीसही इथलेच, सरकारी पगारावर जगणारे लोक होते. या प्रकरणाचा कोणताही प्रामाणिक इतिहास दोन्ही बाजूंची घरं नजरेआड करू शकत नाही. साम्राज्यानं इथल्या माणसांना एकमेकांसमोर उभं केलं, पण दगड आणि आग हातात घेण्याची जबाबदारी जमावाचीच राहते.

आणि ज्या खिलाफतीसाठी हे घडलं, ती ३ मार्च १९२४ रोजी अंकारातल्या तुर्कांच्याच राष्ट्रीय सभेनं रद्द केली.