स्प्रिंगला हात लावायच्या आधी

गिऱ्हाईक येतं ते उपाय ठरवूनच. "शेठ, पाच माणसं बसली की गाडी मागनं लई बसतीय, घाटात डुलतीय. स्प्रिंगा कडक टाका." गाडी अल्टो असते, वॅगनआर असते, नाहीतर जुनी स्विफ्ट. माझं गॅरेज कराडला, त्यामुळे पाटण-कोयनेकडच्या आणि कुंभार्ली घाट चढून चिपळूणहून येणाऱ्या गाड्या माझ्याकडे जास्त. तक्रार खरी असते, उपाय बहुधा उलटा.

लहान गाडीचं दुखणं मुळात वजनाचं आहे. अल्टोसारखी गाडी रिकामी सातशे-साडेसातशे किलोची. तीत पाच माणसं आणि लग्नाच्या बॅगा भरल्या की चारशे किलो सहज वाढतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. अठराशे किलोच्या एसयूव्हीत तीच वऱ्हाडी मंडळी बसली तर पाव हिस्साही वाढत नाही. त्यात हा भार बराचसा मागच्या चाकांवर येतो. म्हणून कंपनीला अशी स्प्रिंग शोधावी लागते, की एकट्यानं चालवताना हाडं खिळखिळी होऊ नयेत आणि भरल्या गाडीचं बूड टेकू नये. दुसरी अडचण लांबीची. अल्टोच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघं २३६० मिलिमीटर. पुढचं चाक उंचवटा उतरतंय तोवर मागचं चढतं आणि गाडी पुढेमागे झुलते. मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरनं १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना यावर तोड काढली: मागचं स्प्रिंगिंग पुढच्यापेक्षा जरा ताठ ठेवायचं, म्हणजे मागचा झोल वेगानं होऊन पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वर-खाली होते. पुढच्या दोनच स्प्रिंगा कडक केल्या की हे गणित मोडतं.

तरी लोक स्वस्तातला उपाय करतातच. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवतात. गाडी उचलल्यासारखी दिसते खरी, पण बफरनं धरलेला वेढा काम करायचा थांबतो. पोरं गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगच कापून आणतात, तोही तोच प्रकार. पाच वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग पंचवीस टक्के कडक होते, आणि चाकाला वर जायला जागा मात्र कमी उरते. साध्या खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. कडक स्प्रिंगवर गाडी रस्ता धरते हा समज रेसच्या गुळगुळीत ट्रॅकवरून आलेला आहे. पाटणच्या रस्त्यावर कडक स्प्रिंगचं चाक खडीवरून उडत जातं, आणि हवेतलं चाक ना ब्रेक घेतं ना वळण.

डुलण्याचं खरं कारण बहुतेक वेळा शॉकअपमध्ये सापडतं. वजन स्प्रिंग पेलते; शॉकअप फक्त स्प्रिंगला आवरतो. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह असतात. त्यातून तेल रेटताना हालचालीची उष्णता होते आणि झोका मरतो. नवा शॉकअप मी गिऱ्हाईकासमोर व्हाइसमध्ये उभा धरतो आणि रॉड दाबायला सांगतो. आत जाताना तो अडतो, ओढताना त्याहून जास्त अडतो. दाबलेली स्प्रिंग उसळून येते ना, तिला थोपवायला. मग त्यांच्याच गाडीचा जुना देतो. पहिला इंचभर रॉड रिकामाच सरकतो, मग पचपच आवाज येतो. बाहेरून तेलाचा थेंब गळलेला नसला तरी आत काही उरलेलं नसतं. यापुढे मला फार बोलावं लागत नाही.

'गॅसचे टाका' असंही सांगतात. गॅसनं गाडी मऊ होते असं त्यांना वाटतं. आतला नायट्रोजन तेलाला दाबात ठेवतो, म्हणजे खराब रस्त्यावर सतत हलून तेलाला फेस येत नाही; फेस आला की आवर सुटतो. एवढंच त्याचं काम. घाटात रोज फिरणाऱ्यानं ते जरूर घ्यावेत, पण दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला तर वळणावर गाडी एका बाजूला एक वागते, दुसऱ्या बाजूला दुसरं.

त्याच वेळी शॉकअपचं टॉप माउंट, बंप स्टॉप आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बघून घ्या. बुशची एक गोष्ट कित्येक मेकॅनिक पाळत नाहीत. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आर्मचा बोल्ट आवळला तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना. खाली शिरायला त्रास होतो, पण दुसरा मार्ग नाही. नंतर अलाइनमेंट.

एवढं करूनही वळणावर कलंडल्यासारखं वाटत असेल तर मग जाड स्टॅबिलायझर बारचा विचार. हा बार दोन्ही चाकांना जोडतो, गाडी एका अंगाला झुकली की पिळला जाऊन विरोध करतो. दोन्ही चाकं एकदम उचलली तर गप्प राहतो. त्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० चा घातला तर फरक दीडपट. म्हणूनच जपून. एका चाकाखालचा खड्डा तो दुसऱ्या चाकालाही दाखवतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचाच बार जाड केला तर वळणात नाक आणखी बाहेर जातं. एक्सप्रेसवेवरच फिरणाऱ्याला मी बसवून देईन. पाटणच्या खराब रस्त्यांवर फिरणाऱ्या एका गिऱ्हाईक डॉक्टरबाईंना मात्र नाही म्हटलं.

टायरचंही तसंच. स्विफ्टला १६५/८० आर १४ टायर असेल तर त्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच. १९५/५० आर १६ घातला की ९८च्या आत. ती हवा आणि ते रबर म्हणजे सस्पेन्शनचा पहिला भाग, आणि आपण पैसे मोजून तो कापतो. वर रिम जड असेल तर शॉकअपला ते वजनही आवरावं लागतं. मूळ मापाचाच चांगला टायर घ्या, आणि भरलेल्या गाडीचा हवेचा दाब दरवाज्यावरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो, तो भरा. तो आकडा वाचायला कुणाला मेकॅनिक लागत नाही.