मानसिक आरोग्याच्या संशोधनात आपली मुले हवीत

मानसिक आरोग्यात काम म्हणजे डॉक्टरच व्हावे लागते, असे आमच्याकडे येणारी बहुतेक मुले धरून चालतात. तसे नाही. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही या संशोधनात जागा आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १२ राज्यांत घरोघरी मुलाखती झाल्या, १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता! आपल्या वस्त्यांबद्दल विचारण्यासारखे म्हणूनच खूप शिल्लक आहे. अपमानाने झोप उडालेल्या माणसाला 'झोप लागते का?' एवढेच विचारून भागत नाही. पुढचा प्रश्न कोणता, हे त्याच वस्तीत वाढलेल्या मुलीला लवकर सुचते, असा आमचा अनुभव आहे.

एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.नंतर एखाद्या प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून लागावे. मुलाखत घेणे, संमतीपत्र समजावणे, आकडे तपासणे तिथेच अंगवळणी पडते. नोकरी बहुधा कंत्राटी असते, हे घरी आधीच सांगावे. पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ आहे, अनुसूचित जातींसाठी बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे. जाहिरात निघाल्यावर जातपडताळणीच्या मागे धावू नका. कागद आजच काढून ठेवा.