माणगावच्या पुढचे पन्नास किलोमीटर

दिवेआगरला रेल्वे नाही. विमानतळ नाही आणि मुंबईहून थेट बोटही नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत गावात खोली शोधायला निघालात तर "अहो, आधी फोन करायचात ना" हेच ऐकायला मिळतं. म्हणजे माणसं पोहोचतात. कशानं पोहोचायचं, यावर मात्र मुंबई-पुण्याच्या घरांत दर वर्षी तोच वाद झडतो. मुलगा म्हणतो गाडी भाड्यानं घेऊ, वडील म्हणतात रेल्वे आहे की, आणि आईला एसटीत अर्ध्या तिकिटात जाता येतं हे पाठ असतं. तिघांचंही बरोबर असू शकतं. वाद चुकीच्या टोकाकडून चालू असतो, एवढंच.

आपण निघण्याच्या टोकाकडून विचार करतो: घरापासून किती तास, किती पैसे. दिवेआगरच्या बाबतीत पोहोचण्याच्या टोकाकडून विचार करावा. तिथं दोन दिवस काय करणार आहात, हे आधी ठरवा. साधन त्यातूनच ठरतं.

नकाशा सरळ आहे. मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. तिथं महामार्ग सोडून साई-मोर्बामार्गे म्हसळा, बोर्लीपंचतन आणि दिवेआगर. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर आणि पुन्हा माणगावच. मुंबईहून सारं मिळून पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर, पुण्याहून एकशे साठच्या आसपास. दोन्ही वाटा माणगावला मिळतात, कोकण रेल्वेचं स्टेशनही माणगावलाच. पुढचे पन्नासेक किलोमीटर वळणांचे, घाटाचे आणि रेल्वेविना. सगळी गोम या पन्नासात आहे.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टी चतुर्थीच्या दिवशी, दिवेआगरच्या एका पोफळीच्या बागेत खोदताना तांब्याची पेटी लागली. तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, सव्वा किलोच्या पुढचा. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, २६ जानेवारी १९९८ला, रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. शिलाहारकालीन रूपनारायण मंदिर आणि शके ९८२चा मराठी ताम्रपट यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक होतं. सुवर्णगणेशानं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक केलं. गर्दी वाढली, पण रेल्वे काही गावाकडे वळली नाही. २४ मार्च २०१२ रोजी गणपतीच्या मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा चोरीला गेला. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१मध्ये पुन्हा बसवला गेला. मधल्या काळात, ३ जून २०२०ला, निसर्ग चक्रीवादळानं याच किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या. एवढं होऊनही लोक येत राहिले, आणि बहुतेक जण गाडीनं.

आता रेल्वेबद्दल. तिला उगाच नावं ठेवली जातात. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी असली तरी रोहा ते वीर हा टप्पा ऑगस्ट २०२१मध्ये दुहेरी झाला आणि माणगाव नेमकं त्याच टप्प्यात येतं. त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी आडरानात उभी, हे दृश्य निदान माणगावपर्यंत कमी झालंय. पहाटे दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी सकाळीच माणगावला सोडते, आणि आरक्षणाशिवायचं तिकीट शंभर रुपयांच्या आत असतं. एक्स्प्रेसचं आरक्षण हवं असेल तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०२४पासून ते एकशे वीस नव्हे, साठच दिवस आधी उघडतं. गणपती आणि दिवाळीला ते उघडतं आणि मिटतं, दोन्ही एकाच सकाळी.

खरा प्रश्न माणगाव स्टेशनाबाहेर पडल्यावर सुरू होतो. एसटी स्टँड वेगळा, स्टेशन वेगळं, आणि श्रीवर्धन-बोर्लीकडच्या एसटीला तुमची रेल्वे आली की नाही याच्याशी देणंघेणं नाही. स्टँडपर्यंत रिक्षा, मग जी मिळेल ती एसटी, नाहीतर मिनीडोर. रायगडात सहा आसनी तीनचाकीला मिनीडोरच म्हणतात, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. सामान थोडं, माणसं दोन आणि घाई नसेल तर हा प्रवास छान होतो. चार माणसं, त्यांत एक आजी, दोन सुटकेसी आणि बर्फाचा डबा असेल तर अंगावर येतो. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फार कमी लोक करतात. ज्यांच्याकडे उतरणार त्या यजमानांनाच विचारायचं, "दादा, माणगावला कुणाची गाडी पाठवाल का?" गावात कुणाची तरी इको किंवा रिक्षा असतेच. भाडं आधी ठरवून घ्यायचं. रेल्वे आणि ही गाडी मिळून खर्च मुंबईहून भाड्याची गाडी आणण्यापेक्षा बराच कमी येतो.

स्वित्झर्लंडची आठवण इथं अटळ आहे. तिथं १९८२पासून घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक आहे: ठरावीक अंतरानं गाडी, आणि स्टेशनाबाहेर पिवळी पोस्टबस रेल्वेच्या वेळेशी जुळवून उभी. डोंगरातल्या वाडीला जाणाऱ्यालाही मधला तुकडा कसा गाठायचा याची चिंता नसते. म्हणूनच युरोपात रेल्वे की भाड्याची गाडी, याचं उत्तर मुक्कामाच्या जागेवरून काढता येतं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस किंवा पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम अशी शहरं करायची असतील तर गाडी म्हणजे ओझं. इटलीच्या जुन्या शहरांत ठरावीक भागात परक्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे टिपून घेतात आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी येते. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी रस्ताकराचा परवाना आधी घ्यावा लागतो, आणि एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर वेगळे पैसे मोजावे लागतात. उलट टस्कनीतली शेतघरं, आयर्लंडचा पश्चिम किनारा किंवा स्कॉटलंडचे डोंगर पाहायचे तर गाडीच हवी. शेवटच्या दोन ठिकाणी वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, हाही दिलासा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यायचा, तो एक वर्ष चालतो. साध्या गिअरची गाडी चालवायची सवय मोडली असेल तर स्वयंचलित गाडी आधी मागून ठेवायची, कारण तिकडे न मागता साधीच मिळते.

युरोपच्या रेल्वे पासचं आपल्याकडे मोठं कौतुक. १९५९पासून तो परदेशी पाहुण्यांना मिळतो, पण फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे पैसे वेगळे पडतात. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास त्याच्याच जातकुळीतला, आणि तो मात्र घरच्यांना माहीत नसतो. चार दिवसांत माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, महाड, रायगडपायथा असं फिरणाऱ्याला तो परवडतो. त्यात भर म्हणजे १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना एसटीत निम्मं तिकीट, आणि २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. जानेवारी २०२५मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तरी आजी-आजोबा आणि दोन सुना अशा कुटुंबाचा हिशेब एसटीकडेच झुकतो. मुंबई आणि पुण्याहून श्रीवर्धनच्या गाड्या आहेत. वेळ मात्र जास्त लागतो, आणि ताम्हिणीत वळणं न सोसणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावं.

आता भाड्याच्या गाडीचा हिशेब, कारण बहुतेकांचा घोळ तिथं होतो. ड्रायव्हरसकट गाडी बाहेरगावी नेली की बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटरचे पैसे लागतात, गाडी हलो न हलो. तीन दिवसांची सहल धरा. तीनशेच्या हिशेबानं नऊशे किलोमीटर झाले. प्रत्यक्षात जाऊन-येऊन आणि थोडं फिरून गाडी साडेचारशेच धावणार. किलोमीटरला तेरा रुपये धरले तरी अकरा हजार सातशे, त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, आणि त्याच्या झोपण्याची सोय. म्हणजे निम्मे पैसे गाडी पोफळीखाली उभी राहण्याचे. हेच साडेचारशे किलोमीटर स्वतःच्या गाडीनं केले, लिटरला पंधरा धावली, तर तीस लिटर पेट्रोल. तीन हजारांच्या थोडं वर.

स्वतः चालवायची भाड्याची गाडी या दोहोंच्या मधली. ती घेताना दरापेक्षा आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवण्यासाठी परवान्यानं भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरच्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची, म्हणजे कुणाच्या तरी घरची, गाडी ओळखीवर भाड्यानं मिळते, स्वस्तही मिळते; पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि वाटेत पोलिसांनी विचारलं तर उत्तर नसतं. ताब्यात घेताना चारी बाजूंनी मोबाइलवर चित्रण करा, जुने ओरखडे दाखवून द्या, किलोमीटरची मर्यादा विचारा. आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका. ओल्या वाळूवर ती ऐटीत धावते, मऊ वाळूत रुतते, भरती घड्याळ बघून येत नाही, आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. खारं पाणी लागलेल्या गाडीचं बिल तुमच्याच नावावर फाटतं.

रस्त्याबद्दल जास्त लिहायला नको. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चालू आहे, यात सगळं आलं. इंदापूर आणि माणगावच्या गावातून वाहनं एकेरी सरकतात, आणि शनिवार-रविवारी माणगाव ओलांडायला तास गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ला खुला झाल्यावर मुंबईतून निघणं सोपं झालं, पण २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर वाचलेली मिनिटं माणगाव परत घेतं.

म्हणून तिसरी वाट सांगतो, माझ्या मते सगळ्यांत देखणी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट. ती मार्च २०२०मध्ये सुरू झाली, टाळेबंदीत थांबली, ऑगस्टमध्ये परत चालू झाली. ग्रीसमध्ये बांधलेल्या या बोटीत शे-दीडशे गाड्या मावतात आणि तासाभरात पलीकडे उतरतात. याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत बोटीचं नाव काढलं की अजून हीच आठवण निघते. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड, आगरदांडा. तिथं पुन्हा गाडी बोटीत चढवायची. आगरदांडा-दिघी फेरीला वीसेक मिनिटं लागतात, वाटेत जंजिरा दिसतो, आणि दिघीहून बोर्लीपंचतनमार्गे दिवेआगर पंधराएक किलोमीटर. माणगाव पूर्ण टळतं. वेळ वाचतो असं मी म्हणणार नाही, पण वेळ बरा जातो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाडीवर पूल होणार आहे. तोवर फेरीची शेवटची वेळ आधी विचारून निघा, नाहीतर दिघी समोर दिसत असताना रात्र आगरदांड्यात काढावी लागेल.

गाडी बोटीवर चढते तशी रेल्वेवरही चढते. ट्रकांसाठी कोकण रेल्वेची ही सेवा १९९९पासून आहे. ऑगस्ट २०२५मध्ये गणपतीसाठी खासगी मोटारींनाही ती सुरू झाली: कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, गाडीमागे ७,८७५ रुपये. प्रतिसाद बेताचाच मिळाला. दिवेआगरकरांना तिचा उपयोग नाही, कारण कोलाडपर्यंत आधी त्याच महामार्गानं यावं लागतं. पण युरोपात आल्प्सच्या बोगद्यांतून मोटारी रेल्वेवर लादून नेतात, ती कल्पना रायगडात उतरली हे नोंदवून ठेवण्यासारखं.

राहिला मूळ प्रश्न: तिथं काय करणार? समुद्र, सुवर्णगणेश, रूपनारायण, खानावळीतले मोदक आणि दुपारची झोप एवढंच हवं असेल तर दिवेआगरात गाडी लागतच नाही. मंदिरं पायी, किनारा पायी, फार तर यजमानांची सायकल. अशांनी रेल्वेनं किंवा एसटीनं जावं. आरावीच्या बाजूनं समुद्राला खेटून श्रीवर्धन, पुढे हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याहून फेरीनं पलीकडे वेसवी आणि वेळास असा बेत असेल तर स्वतःची किंवा काळ्या पाटीची गाडी घ्या. एकच दिवस हरिहरेश्वर करायचं असेल तर गावातली रिक्षा दिवसभरासाठी ठरवा. मुंबईहून गाडी ओढून आणायची गरज नाही. ड्रायव्हरसकट गाडी फक्त तेव्हाच, जेव्हा घरात वयस्कर माणसं आहेत आणि गाडी चालवणारं कुणी नाही.

परतताना रविवारची दुपार टाळा. सोमवारची रजा मिळत असेल तर पहाटे पाचला निघा, नसेल तर रविवारी सकाळी नाश्ता करून लगेच. रेल्वेनं येणाऱ्यांनी यजमानांच्या गाडीवाल्याला सांगताना रेल्वेच्या वेळेच्या तासभर आधीची वेळ सांगावी; म्हसळ्याच्या घाटात एखादा ट्रक अडकला तर तेवढं लागतंच.