इंजिन बसतं, पण...

पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवणारे पुष्कळ होते. मिस्त्री म्हणतो, ‘बसेल.’ बसतंही! फाउंडेशन बदलायचं, गिअरबॉक्सशी जोडायला मधे प्लेट घालायची. पण डिझेल इंजिन जड, पुढचे पाटे दबतात. ते फिरतंही सावकाश, म्हणून जुन्या डिफरन्शियलवर गाडी पळत नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन घालताना कारखान्यानं गिअरबॉक्ससुद्धा नवा, पाच गिअरचा दिला, तो उगाच नव्हे.

खरा धोका ब्रेकचा. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाकडूनच मिळतो. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, त्यामुळे तसा व्हॅक्यूमही नाही. वेगळा पंप लागतो. तो राहिला, तर घाटात पेडल दगडासारखं!

आणि आरटीओची परवानगी आधी घ्या. आरसी बुकातला इंजिन नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विमेवाले अडून बसू शकतात.