कांद्याची पट्टी आणि खरा सरासरी भाव

वाशी (नवी मुंबई) येथील बाजार समितीतून कांद्याची पट्टी आली की बरेच शेतकरी तिन्ही प्रतींच्या दरांची बेरीज करून तीनने भागतात. हा हिशेब फसवा ठरतो. समजा, पहिल्या प्रतीचा १० क्विंटल माल २,००० रुपये, मध्यम २० क्विंटल १,५०० रुपये आणि गोल्टी ३० क्विंटल १,००० रुपये दराने गेली. साधी सरासरी १,५०० रुपये येते. प्रत्यक्षात ६० क्विंटलचे ८०,००० रुपये, म्हणजे क्विंटलला सुमारे १,३३३ रुपयेच मिळाले. भाडे-हमालीसह खर्च क्विंटलला १,४०० रुपये असल्यास कागदावर नफा दिसतो, पण पदरी ४,००० रुपये तोटा येतो.

संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात 'ए' रकान्यात प्रत, 'बी'मध्ये वजन व 'सी'मध्ये दर दुसऱ्या ओळीपासून भरावा. सूत्रातील अक्षरे व आकडे इंग्रजीत टंकावेत.

सरासरी दर: =समप्रॉडक्ट(बी२:बी१००,सी२:सी१००)/सम(बी२:बी१००)

फक्त गोल्टीचे वजन: =समइफ(ए२:ए१००,"गोल्टी",बी२:बी१००)

प्रतीचे नाव सर्वत्र एकसारखे लिहावे, अन्यथा ते वजन बेरजेतून सुटते. हंगामभर अशी नोंद ठेवल्यास गोल्टी वाशीला पाठवावी की भाडे वाचवून जवळच्या बाजारात विकावी, हे ठरविणे सोपे जाते.