द्राक्षबागेतली वजाबाकी

वजाबाकी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पाटी, हातचा आणि चुकलेलं उत्तर! पण कोवळ्या फुटी मोडून पीक सुधारणारी वजाबाकी पाहिली आहे का? चला तर मग नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. फवारणी नाही असा दिवस विचारून घेऊन मी चौथीचा वर्ग बागेत नेला. मांडवाखाली बायका भराभर कोवळे शेंडे मोडून खाली टाकत होत्या. जमीन हिरवीगार झाली होती.

‘‘बाई, वेल मोडतायत त्या!’’ एक जण ओरडलाच.

बागवाले काका हसले. म्हणाले, ‘‘मोडत नाहीत रे, फेलफुटी काढतायत.’’

‘‘फेल म्हणजे नापास झालेली फूट का?’’

प्रश्न छान होता. त्याचं उत्तर कळायला आधी वेल समजून घ्यायला हवी. थंड देशात हिवाळ्यात द्राक्षाची पानं गळतात, वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्याकडे तशी थंडी नाही. वेल झोपतच नाही. म्हणून आपले शेतकरी दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढचे घड गुपचूप घडतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तिच्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात आणि ते लपलेले घड बाहेर येतात.

गंमत म्हणजे द्राक्षाच्या एका डोळ्यात एक नाही, तीन कळ्या असतात! मधली मुख्य, आणि दोन राखीव. कधी कधी एकाच डोळ्यातून दोन-दोन फुटी निघतात. काहींवर घड असतो, काहींवर नुसत्या बाळ्या, म्हणजे आधाराला विळखा घालणारे ते बारीक तंतू. एक घड नीट पोसायला दहा-पंधरा पानं राबावी लागतात. निर्यातीच्या बागेत एका वेलीवर साधारण 30 ते 40 घडच ठेवतात. सगळ्या फुटी ठेवल्या तर पानांची दाटी होते, ऊन-वारा आत शिरत नाही, भुरी आणि डावणी हे रोग येतात आणि मणी बारीक राहतात.

‘‘पण आजच का मोडायच्या? महिन्याने मोडल्या तर?’’ मुलांनी विचारलं. काकांनी समजावलं, की कोवळी पानं सुरुवातीला स्वतःचं अन्न पुरेसं बनवू शकत नाहीत. खोडात, काड्यांत, मुळांत साठवलेल्या अन्नावर ती वाढतात. नको असलेली फूट महिनाभर ठेवली, तर तेवढी शिदोरी फुकट गेली! शिवाय कोवळी फूट बोटाने सहज निघते. जून झाली की कात्री लागते आणि जखमही मोठी होते.

मलाही हुरूप आला. मी एक फूट मोडली. मागून हळू आवाज आला, ‘‘बाई, घडाची मोडली.’’

आमच्या वर्गातलीच मुलगी होती ती. आई-वडील दरवर्षी सुरगाण्याकडून बागांच्या कामाला येतात. दसऱ्यानंतर ती शाळेत आली होती, आणि वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. गणिताच्या तासाला तर पाटी कोरीच!

‘‘बरं, मग मला शिकव,’’ मी म्हटलं.

तिनं एक फूट वाकवून दाखवली. ‘‘ही बाळी. आणि हा घड, बारीक मण्यांचा. एका डोळ्याला दोन फुटी आल्या तर घडाची जोमदार ठेवायची. दुसरी काढायची.’’ सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गणित घातलं: वेलीवर 72 फुटी, ठेवायच्या 38, मोडायच्या किती? पहिला हात तिचा. उत्तर, 34. अगदी बरोबर!

मुलांनो, तुम्हीही करून पाहा. दोन कुंड्यांत उंच वाढणाऱ्या टोमॅटोचं एकेक रोप लावा, त्यांना काठीचा आधार द्या. एकाच्या पानांच्या बगलेतली फूट दर आठवड्याला खुडा, दुसऱ्याची राहू द्या. फळं मोजा, वजन करा, वहीत मांडून ठेवा. द्राक्षबागेत मात्र मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय शिरू नका. औषधं विषारी असतात. घरी आल्यावर साबणाने हात धुवा.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. फेलफूट नापास नसते. तिच्यात दोष असतोच असं नाही. वेलीकडे सगळ्यांना पुरेल एवढं अन्न नसतं, एवढंच.

मार्च-एप्रिलमध्ये बागा उतरल्या, की ती मुलगी आई-वडिलांबरोबर गावी परत जाईल. परीक्षा तोंडावर असेल. म्हणून तिच्या गावच्या गुरुजींसाठी मी आतापासूनच चिठ्ठी लिहून ठेवली आहे: ‘हिला वजाबाकी येते. आता गुणाकार शिकवा.’ पालकांनो, तुमच्याही गावात कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं असतील. त्यांना शाळेचा रस्ता दाखवा. वेलीवर जागा मोजकी असते. वर्गात ती सगळ्यांना असते.