पाच वाजताची प्रार्थना

मार्च 1927 मध्ये कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. दौरा अर्धवट टाकून त्यांना प्रथम आंबोलीस व तेथून म्हैसूर संस्थानातील नंदीच्या डोंगरावर नेण्यात आले. पुढे जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंगळूर शहरातील कुमारा पार्क हेच त्यांचे मुख्य ठाणे होते. वैद्यांनी श्रमांवर बंधने घातली होती. तरीही मोकळा वेळ त्यांनी सरकारी दुग्धशाळेत गोपालनाचे पाठ घेण्यात घालविला, हे त्यांच्या स्वभावास धरूनच झाले. सायंप्रार्थना मात्र आजारपणातही सुटली नाही, आणि तिला शहरातील माणसे येऊन बसत.

लोकनेत्याचा दिवस सामान्यतः चिटणीसाच्या वहीत असतो. कोणाला भेट द्यावयाची, कोणाला टाळावयाचे, हे ती वही ठरविते. गांधीजींच्या दिवसातील प्रार्थनेची वेळ या वहीच्या बाहेरची होती. वेळ जाहीर, जागा जाहीर आणि प्रवेशास चिठ्ठी-चपाटीची गरज नाही. राजकारणात इतकी उघडी ठेवलेली घटिका क्वचितच आढळेल.

सप्टेंबर 1947 पासून दिल्लीतील बिर्ला भवनात ही घटिका सायंकाळी पाचची होती. भगवद्गीतेतील श्लोक, कुराणातील आयती, रामधून आणि शेवटी त्या दिवसाच्या घडामोडींवर गांधीजींचे बोलणे, असा क्रम असे. निर्वासितांच्या छावण्या, मशिदींवरील ताबा, कापडाचे व धान्याचे नियंत्रण, असा कोणताही विषय त्यात येई. हे प्रार्थनोत्तर भाषण आकाशवाणीवरून देशभर ऐकविले जात असे. कुराणातील आयतींना श्रोत्यांपैकी कोणी हरकत घेतली, तर गांधीजी तिची दखल घेत. काही वेळा तेवढ्यावरून प्रार्थनाच थांबविली गेली. विरोधकाला तोंडावर विरोध करण्याची सोय त्या सभेतच होती, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना विसरता येत नाही.

दिल्लीत शांतता नांदावी म्हणून 13 जानेवारी 1948 रोजी सुरू केलेले उपोषण गांधीजींनी 18 जानेवारीस सोडले. दोनच दिवसांनी, 20 जानेवारीस, प्रार्थना चालू असता मैदानाच्या भिंतीजवळ स्फोट झाला. गांधीजींनी लोकांना शांत राहण्यास सांगितले व भाषण पुरे केले. स्फोट करणारा मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. त्या तरुणाचा कोणी तिरस्कार करू नये, पोलिसांनी त्याला छळू नये, असे गांधीजींनी दुसऱ्या दिवशी सांगितले. पोलिसांनी बंदोबस्त वाढविला, साध्या वेषातील शिपाई नेमले आणि येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. आपण स्वतः विनवणी केली, तरी गांधीजी ऐकेनात, असे गृहमंत्री सरदार पटेलांनी फेब्रुवारी 1948 मध्ये कायदेमंडळात सांगितले. हेच सरदार 1936 च्या उन्हाळ्यात नंदीच्या डोंगरावर गांधीजींच्या सोबतीला होते. हट्ट कोठे मोडत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

येथे साधारणपणे दोष गांधीजींच्या हट्टाकडे जातो. तो निवाडा उथळ आहे. झडती घेऊन प्रार्थनेस बसविणे म्हणजे प्रत्येक येणाऱ्यास आधी संशयित ठरविणे. मग ती सभा उघडी राहिली नसती. दार उघडे राहणार हे एकदा ठरल्यावर पहारा दाराच्या पुष्कळ अलीकडे उभा करावयास हवा होता, आणि त्यासाठी 20 ते 30 जानेवारी हे दहा दिवस हातात होते. पाहवाच्या जबानीत साथीदारांविषयी आणि एका मराठी पत्राच्या संपादकाविषयी धागे मिळाले होते. मुंबईत रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी पाहवाकडून ऐकलेल्या कटाची माहिती मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानांवर घातली. पुण्याच्या गुन्हा अन्वेषण विभागाचे वरिष्ठ अधिकारी योगायोगाने दिल्लीतच होते. ते पाहवाची जबानी घेऊन आगगाडीने निघाले आणि अलाहाबादच्या फेऱ्याने 27 जानेवारीस मुंबईस पोहोचले. संशयितांना तोंडाने ओळखणारा एकही पुण्याचा शिपाई बिर्ला भवनाच्या फाटकाशी आणून उभा केला गेला नाही. न्यायमूर्ती कपूर आयोगाने 1969 मध्ये सादर केलेल्या अहवालात तपासातील या ढिलाईवर कठोर ताशेरे आहेत. दिल्ली, मुंबई आणि पुणे या तिन्ही ठिकाणी माहितीचे तुकडे होते. ते एका मेजावर वेळेत आले नाहीत.

30 जानेवारीस सरदारांशी बोलणे लांबले. वेळेचे काटेकोर असलेले गांधीजी उशीर झाल्याबद्दल चुटपुटत निघाले. पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास नथुराम गोडसेने जवळून तीन गोळ्या झाडल्या. मारेकरी हिंदू असल्याचे आकाशवाणीने पहिल्याच निवेदनात स्पष्ट सांगितले. त्या नेमकेपणाने देशभर संभाव्य हिंदु-मुसलमान दंगल टळली. महाराष्ट्रात मात्र मारेकऱ्याची जात कळताच ब्राह्मणांची घरे जळाली, आणि ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशा कुटुंबांना गावे सोडावी लागली.

पुढील काळात शासनाने उत्तर शोधले ते पहाऱ्यात. पंडित नेहरूंच्या तीन मूर्ती भवनात आणि नंतर इंदिरा गांधींच्या सफदरजंग मार्गावरील निवासात सकाळी सामान्य लोक भेटीस येत. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या त्या भेटीस आलेल्या कोणी नव्हे, तर पहाऱ्यावरील शिपायांनी. त्यानंतर 1985 मध्ये विशेष संरक्षण दल उभे राहिले, 1988 मध्ये त्याचा कायदा झाला आणि पंतप्रधानांच्या दिनक्रमातील वाटा-वेळा हा गोपनीय विषय बनला.

बंगळुरात कुमारा पार्कजवळच, कुमारकृपा मार्गावर, मुख्यमंत्र्यांचे 'कृष्णा' हे गृहकार्यालय आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये तेथे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जनतादर्शन भरविले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे हातात अर्ज घेऊन आली होती.